शुक्रवारी दहा अडतीसला

प्रिय निकू,

कॉम्प्युटर बोलायला लागला. फोनवर तू तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी 'बघू, चाललंय' म्हणत विषय बदलला, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. गेल्या मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमाराला त्याला कंठ फुटला. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, मोरीत गेले आणि साबण लावून हात धुतले. दोनदा. आईला सांभाळायला येणाऱ्या आपल्या चांगुणाने विचारलं, "ताई, हाताला काय लागलं व्हय?" मी म्हटलं, काही नाही गं. पण लागलं होतं. अजून गेलेलं नाही. सगळं क्रमाने सांगते. तुला यातलं बरंचसं ठाऊक आहे, तरी माझ्या बाजूने ते कसं घडलं हे तुला कुणी सांगितलेलं नाही.

मशीन तसं तुझंच. तू इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतीस, दादांनी निफाडहून स्वतःच्या पेन्शनचे कागद आणायला गेल्यावर कुणाकडून तरी जुना डबा उचलून आणला होता, आणि तू त्यात लिनक्स घातलंस. "ताई, हे कुणाच्या मालकीचं नाही. आतून उघडून बघता येतं, बिघडलं तर दुरुस्त करता येतं." मी तेव्हा पंचवीस वर्षांची, डोळे जाऊन तेरा वर्षं झालेली, घरात पापड लाटणारी आणि रेडिओ ऐकणारी मुलगी होते. तू रोज संध्याकाळी एकेक आज्ञा मोठ्याने वाचायचीस आणि मी ती पाढ्यासारखी पाठ करायचे. सहा महिन्यांत मी तुझ्यापुढे गेले. तू माऊस शोधत बसायचीस, तोवर माझं काम झालेलं असायचं. मॉनिटर आपण शेजारच्या भागीबाईंच्या नातवाला देऊन टाकला, कारण पडद्यावरचं सगळं मशीनच मला वाचून दाखवायचं आणि तो माझ्या घरात नुसती जागा अडवून बसला होता. मशीन बदललं, पण पद्धत तीच राहिली. डॉक्टरांचे रिपोर्ट ऐकून टाइप करण्याचं काम मी गेली आठ वर्षं त्याच्यावरच करते आहे. आईला अर्धांगाचा झटका आला त्या पावसाळ्यात वीज पडून मशीनचं आतलं साऊंड जळालं, तेव्हा तूच इथल्या एम. जी. रोडवरून ते अंगठ्याएवढं यूएसबी साऊंड कार्ड आणलंस. हेडफोन त्यालाच, माईक त्यालाच. ते बंद पडलं तर ना मला मशीन ऐकू येतं, ना मशीनला मी. आणि काही अडलं तर पुण्यात बसून आत शिरता यावं म्हणून तू स्वतःच्या नावाचं एक खातं त्यात ठेवलंस. मला त्याचं केवढं अप्रूप होतं! माझी बहीण दोनशे किलोमीटरवरून माझ्या टेबलावर येऊन बसते, असं मी चांगुणाला सांगायचे.

साताऱ्याजवळच्या त्या निवासी शाळेची जाहिरात एप्रिलमध्ये आली. अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा, त्यांच्या सगळ्या मशीनवर लिनक्सच, राहायला खोली. मी अर्ज केला आणि चौथ्या दिवशी तिथल्या शेखर सरांचा फोन आला. ते स्वतः जन्मांध आहेत. काय म्हणाले माहीत आहे? "मॅडम, प्रमाणपत्रं राहू द्या. मशीन मुकं झालं की आमची पोरं रडकुंडीला येतात. तेव्हा शिक्षक काय करतो, ते मला बघायचंय." मला काय येतं हे कुणी विचारल्याला किती वर्षं झाली होती! नातेवाइकांना फक्त मला काय येत नाही तेवढं तोंडपाठ असतं. मी पहिला फोन तुला केला. तू 'वा!' म्हणालीस. मग विचारलंस, "परीक्षा कधी आहे? किती वाजता?" मला भरून आलं. म्हटलं, हिने वेळसुद्धा विचारून घेतली.

परीक्षा शुक्रवारी अकराला होती. त्यांची चार मुलं तिकडून जोडली जाणार आणि मी त्यांना अर्धा तास शिकवणार. माईक मी सकाळी नऊला तपासला, साडेनऊला तपासला, दहाला पुन्हा तपासला. चांगुणाला हाताशी घेऊन आईचं अंग पुसून, तिला खिमट भरवून, कूस बदलून देऊन साडेदहाला खुर्चीत बसले. तारीख काय म्हणून मशीनला विचारलं तर ते 'शुक्र' म्हणालं आणि 'वार' आत राहिला. बस. कार्ड काढलं, लावलं, दुसऱ्या खाचेत लावलं, मशीन बंद करून चालू केलं. शांतता. निकू, तुमच्याकडे स्क्रीन काळी होते तेव्हा खोली तर दिसत असते ना? माझ्याकडे तसं काही उरत नाही. मी दहा बावन्नला तुला फोन केला. तू म्हणालीस, "ताई, घाबरू नकोस, हात लावू नकोस कशाला, मी आतून बघते." अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. मी शेखर सरांना फोनवर सांगितलं की आवाज गेलाय. ते "ठीक आहे" म्हणाले, आणि ज्या सुरात म्हणाले तो सूर मला ओळखीचा होता. संध्याकाळी सहाला तुझा फोन, "झालं गं, कर्नलचं अपडेट आलं होतं, त्यानंतर होतं असं कधीकधी." मी तुला दहादा थँक्यू म्हटलं. ते सगळे आता मला परत घ्यावेसे वाटतात.

सरांनी पुढच्या शुक्रवारची वेळ दिली. मी ते तुला सांगितलंच होतं. त्या आठवड्यात मी एकही अपडेट घेतलं नाही. जुनी केबल फेकली, यूएसबीचा हब काढून कार्ड थेट मशीनला लावलं. तरी दहा चाळीसच्या आसपास तेच. यावेळी तू फोनवर म्हणालीस ते शब्द मी विसरणार नाही. "ताई, राग मानू नकोस, पण हे तुझ्यासाठी नाहीये बघ. तिथे रोज असं झालं तर काय करशील? कोण येणार आहे?" मी रडले, आणि तू माझी समजूत काढलीस. दुसऱ्या दिवशी मेलवर शाळेचं पत्र आलं, की आपला अर्ज तूर्त बाजूला ठेवत आहोत. फोनमधल्या बाईने ते 'आज हवा स्वच्छ राहील' अशा थाटात वाचून दाखवलं.

मग मी जी वणवण केली तीही ऐक. रिक्षा करून एम. जी. रोडला गेले. दुकानदाराने मला सोडून रिक्षावाल्या जयरामभाऊंना विचारलं, "ह्यांना काय पाहिजे?" भाऊ म्हणाले, "त्यांनाच विचारा, मी नुसतं सोडायला आलोय." मग त्याने माझ्याशी बोलताना आवाज चढवला, जणू डोळ्यांबरोबर माझे कानही गेलेत. लिनक्स म्हटल्यावर हसला. "मॅडम, विंडोज टाका ना सरळ. आणि तुमच्याकडून काहीतरी दाबलं गेलं असणार, दिसत नाही ना." नवीन कार्ड घेऊन मी घरी आले, लावलं. तेही मुकं. म्हणजे कार्ड निर्दोष होतं. मग फोनवरून लिनक्सवाल्यांच्या मंचावर लिहिलं. पहिलं उत्तर, स्क्रीनशॉट टाका. मी अंध आहे आणि माझ्याकडे मॉनिटर नाही असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं गं! दुसऱ्याने लिहिलं, अमुक सोडा आणि तमुक वापरा. तिसऱ्याने त्या दुसऱ्याची अक्कल काढली. मग आवाजाची कोणती यंत्रणा श्रेष्ठ यावर त्यांची पानभर जुंपली आणि मी त्यात कुठेच नव्हते. वीट आला. लग्नात वाढपी एकमेकांशी भांडत बसावेत आणि पंगत उपाशी राहावी, तसलं ते.

एकच माणूस कामाचा निघाला. नांदगावचे हिरामण म्हणून कुणीतरी, रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी मला वेगळा निरोप पाठवला. "ताई, बिघाड घड्याळ बघून येत नसतो. तुमचा दोन्ही वेळा शुक्रवारी, पावणेअकराच्या आतच कसा आला? मशीन आत सगळं लिहून ठेवतं, त्याला खोटं बोलायचं कारण नसतं. आवाज जाण्याच्या आधीची पाच मिनिटं वाचा." त्यांनीच फोनवरून घरच्या वायफायने मशीनच्या आत कसं शिरायचं ते सांगितलं. मशीन मुकं असलं तरी त्याची नोंदवही फोनमधली बाई वाचून दाखवू शकते. हे मला इतकी वर्षं का सुचलं नाही? कारण मला कधी गरजच पडली नव्हती. मला तू होतीस.

मंगळवारी दुपारी आई झोपली होती, चांगुणा गॅलरीत गहू निवडत होती. मी पलंगाच्या कडेला बसून फोन कानाशी धरला आणि पहिल्या शुक्रवारची नोंद लावली. बाई एकेक ओळ वाचत गेली. दहा तेहतीस, काही नाही. दहा पस्तीस, काही नाही. दहा अडतीसला ती म्हणाली, बाहेरून प्रवेश. आणि मग इंग्रजी अक्षरं, एकेक सुटी, एन, आय, के, आय, टी, ए. माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? अगं, बिचारी मदतीला आली होती. मग माझ्या लक्षात आलं की मी तुला फोन केला तो दहा बावन्नला. दहा अडतीसला मी तुला कशालाही बोलावलं नव्हतं. दहा अडतीसला माझा आवाज व्यवस्थित चालू होता.

पुढच्या दोन ओळी मी सात वेळा ऐकल्या. एका आज्ञेने तू चालू कार्ड त्याच्या ड्रायव्हरपासून तोडलंस. दुसरीने एका कोपऱ्यात एक फाइल ठेवलीस, एकाच ओळीची, की यूएसबीचा आवाज चालवणारा ड्रायव्हर यापुढे उठवायचा नाही. म्हणून मशीन बंद करून चालू केलं तरी काही होत नव्हतं. म्हणून नवीन कार्डही मुकंच राहिलं. संध्याकाळी पाच छप्पन्नला तू ती फाइल काढलीस आणि सहाला मला फोन केलास. कर्नलचं अपडेट! दुसऱ्या शुक्रवारीही तसंच, फक्त या वेळी दहा एकोणचाळीस, आणि या वेळी फाइल काढायची तसदीही घेतली नाहीस. अकरा दिवस ती तिथेच होती. त्या अकरा दिवसांत तू मला रोज फोन केलास, केबल बदलून बघ म्हणालीस, जेवलीस का विचारलंस. मला सगळ्यात जास्त किळस त्याची येते. दरवाजा बाहेरून तू लावलास तो लावलास, पण आत मी चाचपडत होते आणि तू बाहेर उभी राहून मला धीर देत होतीस.

मी फाइल उडवली आणि मशीन परत चालू केलं. एवढंच काम होतं, दहा सेकंदांचं. ते बोललं, आणि मी हात धुवायला गेले.

तीन दिवस मी स्वतःला समजावत होते की तुला माझी काळजी असेल, परगावी मी धडपडेन, पडेन. पण निकू, काळजीवाला माणूस भांडतो. 'जाऊ नकोस' म्हणून आडवा पडतो. तो वेळ विचारून घेत नाही. मग मार्चमधला तुझा तो रविवार आठवला. जर्मनीच्या नोकरीचं पक्कं झाल्याचे पेढे घेऊन तू आली होतीस, आणि आईने क्षीण आवाजात "मग माझं?" विचारल्यावर तू म्हणालीस, "ताई आहे ना घरी." सगळे हसले होते. मामा नेहमीप्रमाणे म्हणाले, आई आहे म्हणून मीनाचं निभतंय. आपण दोघींनी कधी त्यांची चूक दुरुस्त केली नाही. पण तुला खरं माहीत होतं. चांगुणा नऊ ते पाच असते. उरलेले सोळा तास आईला उठवणं, बसवणं, शी-शू, तिच्या गोळ्या, तिचा राग, तिचं ते अर्धवट बोलणं समजून घेणं हे एकवीस महिने कोण करतंय, हे या घरात फक्त तुला आणि मला माहीत होतं. म्हणजे मी साताऱ्याला गेले असते तर तुझं विमान चुकलं असतं. एवढं साधं गणित, आणि त्यासाठी तू माझा कान कापलास.

तू मागितलं असतंस तर मी थांबले असते. हे वाक्य मला लिहायचं नव्हतं, पण ते खरं आहे. तू म्हणाली असतीस, ताई, दोन वर्षं दे, मग माझी पाळी, तर मी अर्जसुद्धा केला नसता, आणि तुला पोचवायला विमानतळावर आले असते. आई स्वार्थी आहे म्हणतात. पण ती निदान 'मग माझं?' असं तोंडावर विचारते. मला तुझ्या स्वार्थाची किळस नाही, तो सगळ्यांना असतो, मलाही आहे. मला तुझ्या हुशारीची किळस आली. जे हात मला उघडायला शिकवत होते ते त्याच आज्ञा वापरून मला बंद करत होते, आणि तुला खात्री होती की मला हे कधी कळणार नाही. कारण मला दिसत नाही. तू, निकू! दुकानदारानेही तेच म्हटलं होतं.

तुझं खातं मी मशीनमधून काढून टाकलं आहे. मग शेखर सरांना एक पत्र लिहिलं. रडगाणं गायलं नाही. मशीन मुकं झाल्यावर काय काय तपासलं, कार्ड निर्दोष कसं ठरलं, फोनवरून नोंदवही कशी वाचली, फाइल कुठे सापडली, सगळं पायरीपायरीने, जसं मुलांना सांगेन तसं. ती कुणी ठेवली, तिथे 'मशीनवर हक्क असलेल्या एका व्यक्तीने' एवढंच लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, ती व्यक्ती तुमच्या फार जवळची आहे ना?" मी हो म्हटलं. "मग परीक्षा झाली," ते म्हणाले. "एक जुलैला रुजू व्हा."

तर हे पत्र त्यासाठी आहे. फोन केला असता तर तू रडली असतीस आणि सवयीप्रमाणे मी तुला गप्प केलं असतं, म्हणून लिहिलं. मी तीस जूनला सकाळी निघते आहे. नोकरी मिळाल्याचं आईला सांगितलं आहे, आवाज कुणी घालवला ते सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही, ते तुझं तुला पेलवेल तसं कर. तुझं विमान एकोणीस जुलैचं आहे, ते मला पाठ आहे. मधल्या दिवसांचं आणि पुढचं काय करायचं, आईला पुण्याला न्यायची, रात्रीची बाई ठेवायची, की तू जायचं लांबवायचं, हे तू ठरव, आणि माझ्याकडून काही हवं असेल तर माग. तोंडाने माग. कदाचित मी हो म्हणेन, कदाचित नाही म्हणेन, पण मागितल्याशिवाय आता काही मिळणार नाही. सव्वीस जूनला येऊन पोच. आईला उठवताना तिचा उजवा खांदा कसा धरायचा, कोणत्या कुशीवर ती घाबरते, घास कुठल्या गालात द्यायचा, आणि ती 'पा' म्हणते तेव्हा तिला पाणी हवं असतं की दादांच्या पानाची आठवण आलेली असते, हे कुठल्याही नोंदवहीत लिहिलेलं नाही. ते हाताला हात लावूनच शिकवावं लागतं. चार दिवस लागतील. तेवढे दिवस मी तुझ्याशी नीट वागेन, कारण आई ऐकत असेल.

'तुझीच' लिहायला आज जड जातंय, पण दुसरं काही खरं नाही, म्हणून

तुझीच,
मीनाताई